कुकीज पसरतात म्हणून मैदा वाढवू नका, आधी बटर गार करा

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि त्याखाली आलेली उत्तरंही सगळी वाचली, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ज्यांनी मूळ प्रश्न वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ताई चोपड्याच्या, दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही नणंदा पोरांसकट येणार आहेत, शिवाय गल्लीत फराळाच्या ताटांसोबत यंदा घरच्या चॉकलेट कुकीज द्यायच्या असं ठरलंय, म्हणजे साधारण दीडशे नग, बिनअंड्याच्या. दोनदा करून बघितल्या. पहिल्या वेळी सगळ्या ट्रेवर पसरून एकमेकीला चिकटल्या, कडा करपल्या आणि मधे कच्च्या राहिल्या. दुसऱ्या वेळी मूठभर मैदा जास्त घातला तर पसरल्या कमी, पण दुसऱ्या दिवशी दात लागेनात इतक्या चिवट. आता विचारतायत की मैदा अजून किती वाढवू.

खाली पाच-सहा जणींनी लिहिलंय की अजून अर्धी वाटी वाढवा. नका वाढवू हो. अजून मैदा घातला तर ती कुकी राहणार नाही, बट्टी होईल, मग वरण आणि तूपच घ्या सोबत.

तुम्ही जे प्रमाण दिलंय ना, एक कप बटर, दोन कप मैदा, अर्धा कप कोको, सव्वा कप साखर, त्यात तसं चुकीचं काही नाही. सोडा एक चमचा जास्त आहे, त्याच्याकडे नंतर येते. पण तुमच्या प्रश्नात मधेच एक वाक्य आहे ते बहुतेक कुणी वाचलंच नाही, की रेसिपीत बटर रूम टेंपरेचरला हवं असं लिहिलं होतं म्हणून सकाळी फ्रिजमधून काढून ओट्यावर ठेवलं आणि दुपारी फेटायला घेतलं. सगळी गोम तिथेच आहे.

ही रूम टेंपरेचरची रूम आपली नाहीये. चॉकलेट चिप कुकी जन्माला आली ती १९३० च्या दशकात, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या व्हिटमन गावात, रूथ वेकफील्ड नावाच्या बाई तिथे टोल हाऊस नावाचं खाण्यापिण्याचं ठिकाण चालवायच्या त्यांनी केली. तिकडे हिवाळ्यात बर्फ पडतो. आजही त्यांच्या रेसिपीत रूम टेंपरेचर म्हणजे वीस-एकवीस डिग्री धरलेलं असतं. आपल्याकडे ऑक्टोबर हीटमध्ये दुपारी बाहेर चौतीस-पस्तीस, आणि स्वयंपाकघरात एका शेगडीवर चकलीचं तेल, दुसरीकडे चिवड्याचे पोहे भाजणं चालू आणि त्यात ओटीजी, म्हणजे आपला विजेचा छोटा ओव्हन, तापवायला लावलेला, मग आतलं काय होत असेल तुम्हीच सांगा. बटर अठरा-वीस डिग्रीला मऊ असतं आणि बत्तीस ते पस्तीसच्या मधे पूर्ण वितळतं. म्हणजे तुमचं बटर मऊ नव्हतं, ते दिसायला गोळा होतं पण आतून अर्धं तेल झालेलं होतं.

आता यात पसरण्याचा काय संबंध ते सांगते, कारण एकदा कारण कळलं की पुढे रेसिपी कुठलीही असो, तुमचं तुम्हाला सुधारता येतं. कुकी ओव्हनमध्ये गेली की दोन गोष्टींची शर्यत लागते. एकीकडे बटर वितळून पीठ सैल होत जातं, दुसरीकडे मैदा-कोको गरम होऊन कडा धरायला लागतात. बटर गार असलं तर ते वितळायला जरा वेळ घेतं, तेवढ्यात कड धरते आणि कुकी जाडसर राहते. बटर आधीच पातळ असलं तर शर्यत सुरू व्हायच्या आधीच हरलेली, पीठ सरळ वाहत जातं, कडेला पातळ होतं म्हणून कडा करपतात आणि मधे कच्चं. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही तक्रारी या एकाच कारणाच्या आहेत.

मला हे कळायला तीन वर्षं लागली म्हणून एवढं ठासून सांगतेय. मी भुसावळची, चौदा-पंधरा वर्षं झाली घरून बेकिंग करते, दिवाळी आणि नाताळच्या ऑर्डरी घेते. पहिल्यांदा शिकले ती शेजारच्या आंटींकडून, त्या नाताळला दरवर्षी आमच्याकडे केक आणि कुकीजचं ताट पाठवायच्या आणि आम्ही दिवाळीला त्यांच्याकडे फराळाचं. त्यांच्या हाताखाली डिसेंबरात केल्या तर एकदम सुरेख झाल्या. पहाटे स्वेटर घालून करत होतो ना! मग तीच रेसिपी, तेच प्रमाण, मी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणींसाठी करायला घेतली. एप्रिल-मेमधलं आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीतच आहे, चव्वेचाळीसच्या आसपास पारा. पहिला ट्रे बाहेर काढला आणि सासूबाई, त्या धुळ्याकडच्या, ट्रेकडे बघून म्हणाल्या, "हाई काय शे वं माय, पापड का बिस्किट?" तेव्हा रडू आलं होतं, आता हसू येतं. आणि हो, त्याच काळात एक वेगळा गाढवपणाही केला होता, रेसिपीत साडेतीनशे डिग्री लिहिलेलं आणि माझ्या ओटीजीचं बटण अडीचशेवरच संपायचं, मला वाटलं आपला ओव्हन लहान आहे म्हणून, तर पूर्ण अडीचशेवर लावून बसले. ते फॅरनहाइट असतं हे कुणी सांगितलंच नव्हतं, साडेतीनशे फॅरनहाइट म्हणजे आपले पावणेदोनशे-एकशे ऐंशी. तुमच्या रेसिपीत आकडा तीनशेच्या वर असेल तर एवढं तपासा.

गंमत म्हणजे हे शास्त्र आपल्या आज्यांना माहीत होतं. आठवा, दिवाळीच्या आधी बेकरीत नानकटाई भाजून आणायला रवा-मैदा-तूप-साखर घरून न्यायचो, तिथे नंबर लावून बसायचं आणि तेलाच्या पत्र्याच्या डब्यात भरून आणायचं. माझी आजी मात्र घरी फेटायची, आणि तूप फेटताना परात ओल्या गोणपाटावर ठेवायची. मला वाटायचं परात सरकू नये म्हणून. ते कारण होतंच, पण तूप थिजलेलं रवाळ राहावं हे खरं कारण, कोरड्या हवेत ओलं गोणपाट मस्त गार होतं, माठासारखं. तूप पातळ झालं की नानकटाई बसते, हे तिला तोंडपाठ होतं. आपण यूट्यूबवर इंग्रजी रेसिपी बघायला लागलो आणि हे विसरलो.

तर करायचं काय. बटर फ्रिजमधून काढा, थंड असतानाच सुरीने बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे करा आणि दहा मिनिटं, आपल्या हवेत फार तर दहाच मिनिटं, बाजूला ठेवा. बोट दाबलं तर खळगा पडला पाहिजे पण बोटाला तेल लागता कामा नये. वर तुकतुकीत चमक आली की समजा गेलं, परत फ्रिजमध्ये टाका. मायक्रोवेव्हमध्ये दहा सेकंद वगैरे अजिबात नको, बाहेरून थंड आणि आत पाणी होतं. मग साखर घालून फेटा, पण हलकं-फुलकं होईपर्यंत नाही, ते केकसाठी. कुकीला दोन मिनिटं पुरे, रंग पिवळ्याचा फिकट झाला की थांबायचं, जास्त फेटलं तर हवाही भरते आणि बटर गरमही होतं, दोन्हीने कुकी पसरते. भांडं गरम वाटलं तर खाली मोठ्या परातीत थंड पाणी घ्या, आजीचंच तंत्र.

मैदा घातल्यावरचं मात्र नीट वाचा, कारण तुमची दुसऱ्या वेळची चिवट कुकी इथे बिघडली असावी असं मला वाटतं. असावी म्हणतेय, कारण मी बघितलेलं नाही. तुम्ही लिहिलंय की मैदा जास्त झाल्यावर पीठ कोरडं वाटलं म्हणून दूध "लागेल तसं" घातलं आणि छान मळून घेतलं. आपला हात पोळीच्या कणकेला सरावलेला, पीठ दिसलं की मळतोच. पण मैद्याला पाणी किंवा दूध लागलं आणि मळलं की ग्लूटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा आणणारा ताण, तयार होतं, पोळीत तेच हवं असतं, कुकीत तेच नको असतं. मैदा-कोको चाळून घालायचा आणि उलथण्याने किंवा बोटांच्या टोकांनी नुसता एकत्र आणायचा, कोरडं पीठ दिसेनासं झालं की हात काढायचा. गोळा गुळगुळीत दिसत नाही म्हणून जीव कासावीस होतो, होऊ द्या.

आता प्रमाण. मी जे वापरते ते देते, पंचवीसेक कुकीज होतात. कपाने मोजू नका, छोटा वजनकाटा घ्या, कारण मैदा दाबून भरला तर एकाच कपात वीस-तीस ग्रॅमचा फरक सहज पडतो. बटर ११५ ग्रॅम, जे परदेशी रेसिपीत एक स्टिक म्हणतात ते म्हणजे ११३ ग्रॅम, आपली शंभरची वडी म्हणजे एक स्टिक नव्हे, इथेही बरेच जण फसतात. साधी साखर मिक्सरमधून जरा फिरवून ७० ग्रॅम, ब्राउन शुगर ७० ग्रॅम. मैदा १४० ग्रॅम, कोको ३० ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, सोडा पाव छोटा चमचा, इन्स्टंट कॉफी अर्धा चमचा, व्हॅनिला एक चमचा, आणि डार्क चॉकलेट सुरीने चिरून १०० ग्रॅम. अंड्याऐवजी मी एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून घालते, चिकट जेलीसारखी होते आणि कुकीला बांधून ठेवते. जवस घरात असतोच आपल्याकडे, फक्त चटणीसाठी भाजलेला-मीठ लावलेला घालू नका म्हणजे झालं. जवस नको असेल तर दोन मोठे चमचे दूध, मोजून, लागेल तसं नाही. बटर सॉल्टेड असेल तर वरून मीठ नको, अनसॉल्टेड असेल तर चिमूटभर घालाच, चॉकलेटची चव मिठानेच उघडते.

ब्राउन शुगर नसेल आणि गूळ पावडर घालू का असं कुणीतरी विचारलं होतं. चालते, चवही छान येते, मी संक्रांतीला करते तशा. पण गूळ हवेतला ओलावा ओढतो म्हणून कुकी मऊ पडते आणि लवकर संपवावी लागते. वाटायच्या कुकीला मी नाही घालत.

सोड्याचं राहिलं होतं. तुम्ही एक चमचा घातलाय. सोडा जास्त झाला की कुकी उशिरा सेट होते, जास्त पसरते आणि मागून साबणासारखी चव येते. त्यात तुमचा कोको कुठला आहे त्यावर अवलंबून आहे. साधा नॅचरल कोको फिकट तपकिरी आणि आंबूस असतो, त्याच्या आंबटपणाला सोडा लागतो. दुसरा डच प्रोसेस, त्यावर क्षाराची प्रक्रिया केलेली असते म्हणून रंगाला गडद आणि चवीला सौम्य, हॉलंडच्या व्हॅन हौटेनची ही पद्धत म्हणून डच. त्यात आंबटपणाच नसतो तर सोडा कुणाशी लढणार, तो तसाच राहतो आणि चव बिघडवतो, तिथे बेकिंग पावडर बरी. डब्यावर बारीक अक्षरात अल्कलाइज्ड लिहिलंय का बघा. मी दोन्ही थोडं थोडं घालते ते म्हणूनच, सुट्टा कोको मिळाला आणि कुठला ते कळलं नाही तरी निभावतं.

चॉकलेट कुठलं घ्यावं यावर इथे दोन दिवस वाद चाललाय म्हणून माझं मत. खाऊन बघाल तर खरं चॉकलेट, म्हणजे ज्यात कोको बटर आहे, ते कंपाउंडपेक्षा कितीतरी चांगलं, कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी वनस्पती तूप असतं आणि ते टाळूला चिकटून राहतं. पण कोको बटर चौतीस डिग्रीच्या आसपास वितळतं. एका मे महिन्यात मी भाचीसाठी पुण्याला डबा पाठवला, महाराष्ट्र एक्सप्रेसने ओळखीच्या माणसाबरोबर, जळगावला गाडीत दिला तेव्हा सगळं टकाटक होतं. तिथे पोचल्यावर भाचीचा फोन, मावशी डब्यात एकच कुकी आहे, डब्याच्या आकाराची. चॉकलेट वितळलं आणि रात्रभरात परत थिजलं, सगळ्या एकमेकीत जाम. तेव्हापासून उन्हाळ्यात प्रवासाला जाणाऱ्या कुकीत कंपाउंड, घरात खायच्या आणि हिवाळ्यातल्या कुकीत खरं चॉकलेट. तुमची दिवाळी कधी येते त्यावर बघा, ऑक्टोबरात आली आणि पोरं डबे घेऊन एसटीने परत जाणार असतील तर त्यांच्या डब्यापुरतं कंपाउंड घाला, गल्लीत द्यायच्या ताटात खरं. आणि चॉकलेटवर पांढरट पापुद्रा दिसला तर बुरशी समजून फेकू नका, बऱ्याचदा ते चॉकलेट गरम होऊन परत थिजल्याने वर आलेलं कोको बटरच असतं, वितळवून वापरलं तर काही होत नाही.

पीठ तयार झालं की लगेच भाजायचं नाही. वीस-बावीस ग्रॅमचे गोळे करा, पेढ्यापेक्षा जरा मोठे, हाताने जरासे दाबा, डब्यात प्लास्टिकवर एक थर लावून फ्रिजमध्ये किमान एक तास, रात्रभर ठेवले तर उत्तम, चवही मुरते. तुमच्या दीडशेच्या हिशोबाला हाच उपाय. सहा घाणे पडतील, मोठा ओटीजी म्हटला तरी एका ट्रेवर नऊ कुकीज नीट अंतराने मावतात, म्हणजे सतरा ट्रे, प्रत्येकी बारा मिनिटं, साडेतीन तास तर नुसतं भाजण्यातच गेले. हे सगळं चकल्या-शंकरपाळ्यांच्या दिवशी करायला जाल तर तुमचीच भट्टी होईल. त्यापेक्षा दहा-बारा दिवस आधी एक-एक घाणा करून गोळे फ्रीझरमध्ये टाकत जा, आधी ताटात सुटे कडक करायचे आणि मग पिशवीत भरायचे म्हणजे चिकटत नाहीत. महिनाभर काही होत नाही. भाजताना वितळवायचे नाहीत, तसेच दगडासारखे ट्रेवर ठेवायचे, फक्त मिनिट-दोन मिनिटं जास्त. फ्रीझरमधले गोळे तर आपल्या हवेत सगळ्यात छान होतात. नणंदा आल्या की संध्याकाळी एक ट्रे लावा, पोरांना गरम गरम मिळतील, आणि घरभर जो वास सुटतो तो तर डब्यातल्या कुकीत नसतोच.

भाजण्याचं तापमान १७५ ते १८०, वरचा-खालचा दोन्ही रॉड, ट्रे मधल्या कप्प्यात. पण ओटीजीच्या बटणावर माझा काडीचा विश्वास नाही. माझा जुना ओटीजी १८० वर लावला तर आत दोनशेच्या वर जायचा, नवीन घेतला तो पंधरा डिग्री कमी. ओव्हन थर्मामीटर तीन-चारशे रुपयांत मिळतो, आत टांगून बघा, बाकी सगळ्या सल्ल्यांपेक्षा तो एक पत्रा जास्त उपयोगी आहे. शिवाय संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज पडतं तेव्हा प्रीहीटला दहाऐवजी वीस मिनिटं लागतात, लाल दिवा विझला म्हणून फसू नका. म्हणूनच मी पहाटे पाचला भाजते, गारही असतं आणि व्होल्टेजही मिळतं.

दुसरा ट्रे पहिल्यापेक्षा जास्त पसरतो असं तुम्ही लिहिलंय, त्याचं कारण गरम ट्रे. एकच ट्रे असतो, कुकीज काढल्या की लगेच त्यावर पुढचे गोळे ठेवतो आपण, ते खालूनच वितळायला लागतात. दोन ट्रे ठेवा, किंवा आहे तो पाच मिनिटं बाहेर गार होऊ द्या, मग नळाखाली धरा आणि पुसून वापरा.

किती वेळ हे मी छातीठोक सांगू शकत नाही, ओव्हनप्रमाणे दहा ते तेरा मिनिटं. चॉकलेटच्या कुकीत अडचण ही की ती आधीच काळी, लाल झाली का ते दिसतच नाही, त्यामुळे निम्म्या बायका करपवतात. कड बघायची. कडेची चमक जाऊन ती कोरडी मॅट दिसायला लागली आणि मधे रुपयाएवढा भाग अजून ओलसर, दाबला तर दबणारा, की बाहेर काढायचं. तुम्हाला वाटेल कच्ची आहे. कच्ची नाहीये. ट्रेवरच दहा मिनिटं राहू द्या, ट्रेच्या उष्णतेवर शिजते आणि गार होताना घट्ट होते. गरम असताना कुठलीच कुकी कडक नसते, कडक होईपर्यंत ओव्हनमध्ये ठेवली तर गार झाल्यावर दगड. पोरांना कुरकुरीतच आवडत असेल तर गोळा जरा जास्त चपटा करा, तापमान १६० आणि वेळ पंधरा-सोळा मिनिटं, ती वेगळी कुकी आहे आणि डब्यात टिकायला ती जास्त बरी.

जाळीवर पूर्ण गार करा, दीड तास तरी. कोमट असताना डबा लावला तर आत वाफ धरते आणि सगळं मुसळ केरात. अजून एक, आपल्याकडचा कूलर. ऑक्टोबरातही दुपारी कूलर चालू असतो घराघरात, आणि त्याच्यासमोर कुकीज लवकर गार होतील म्हणून ठेवतात, मीही ठेवायचे. कूलरची हवा पाण्याने भरलेली असते, अर्ध्या तासात कुकी सादळते. पंखा चालेल, कूलर नको. सादळल्याच तर दीडशे डिग्रीवर पाच मिनिटं परत लावा, गार झाल्यावर पहिल्यासारख्या होतात.

डबा वेगळा ठेवा. चिवड्याच्या डब्यात वरच्या कप्प्यात ठेवल्या तर दोन दिवसांत कुकीला लसणाचा आणि कढीपत्त्याचा वास, खाणारे तोंडावर बोलत नाहीत पण परत मागतही नाहीत. ताटात द्यायच्या तर दोन-दोनच्या छोट्या पाकिटात घाला, करंजी आणि अनारशाच्या तुपाचा डाग लागत नाही. शेजारी कुणी अंडं न खाणारे, जैन, उपवास धरणारे असतील तर पाकिटावर चिठ्ठी लावा की बिनअंड्याच्या आहेत, आणि अक्रोड-शेंगदाणा घातला असेल तर तेही लिहा, लहान पोरांना कधी कधी त्याची अॅलर्जी असते. नीट भाजलेल्या, नीट गार केलेल्या कुकीज हवाबंद डब्यात दहा-बारा दिवस राहतात. आमच्या घरी तिसऱ्या दिवशी डबा रिकामा असतो म्हणून याच्या पुढचा अनुभव कमी आहे.

एकीने खाली विचारलंय की ओव्हन नाही, कढईत होतील का. होतात. जाड बुडाच्या कढईत तळाला अर्धा किलो जाड मीठ, त्यावर रिंग, झाकण ठेवून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा, मग पसरट थाळीत चार-पाच गोळे ठेवून गॅस बारीक, पंधरा ते अठरा मिनिटं. झाकणाला आतून कापड बांधा, नाहीतर वाफेचं पाणी कुकीवर पडतं. वरून ओव्हनसारखी भेग पडत नाही, चवीला काही कमी नाही. पण दीडशे नग कढईत करायला जाऊ नका.

ताई, तुम्ही मात्र एक करा. उद्या सगळे घाणे करू नका, अर्ध्या प्रमाणात पीठ करा, गोळे रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी ओव्हन तापला की आधी फक्त दोन गोळे भाजा. एक दहाव्या मिनिटाला काढा, एक बाराव्या. गार झाल्यावर मधोमध तोडून बघा आणि कुठली आवडली ते इथे लिहा, त्यावरून तुमच्या ओव्हनचा वेळ मी सांगते. ते दोन तुकडे फेकू नका, पोरांना दुधात बुडवून द्या.